अर्ध्या वाक्यातलं खेचर

४ नोव्हेंबर

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडून घेते. एवढं चांगलं लिहितेस आणि आत्याला इतक्या वर्षांनी कळवतेस? तेही एका ओळीच्या मेसेजने, "वेळ असला तर वाच." अगं, मी तुला न्हाऊ घातलं, तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, आणि माझ्याकडे म्हणे वेळ असला तर! फोन तू उचलत नाहीस. मेसेजमध्ये मला धड भांडता येत नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे. मुकाट्याने वाच.

आधी मला हे फॅन फिक्शन काय प्रकरण आहे तेच कळेना. आमच्या दातांच्या लॅबमध्ये प्लास्टरचे साचे ओतणारी मुलगी आहे, तिने समजावलं. म्हणाली, दुसऱ्याच्या कादंबरीतली माणसं घ्यायची आणि मूळ लेखकाने जे सांगितलं नाही ते आपण सांगायचं. मी म्हटलं, म्हणजे परक्याच्या घरी जाऊन सरळ स्वयंपाकघरात शिरायचं. ती म्हणाली, बरोबर, तसंच.

मग मी लायब्ररीतून ती जादूच्या राज्याची कादंबरी आणली. तिसरा भाग. विटेएवढा जाड. राजकन्या बर्फातली खिंड ओलांडते, मागे दुष्ट राजाचं सैन्य, वर ड्रॅगन, सगळं अगदी थाटात. आणि मग तो लेखक लिहितो, "सामानाचं खेचर खिंडीत मेलं, पण राजकन्या पोचली." झालं! अख्खा भाग त्या मुक्या जनावराने तंबू वाहिले, भांडी वाहिली, त्या बयेचा मुकुटसुद्धा वाहिला, आणि त्याची बोळवण अर्ध्या वाक्यात. पुढच्या प्रकरणात खेचरवाला एक दिवस उशिरा पोचतो आणि राजकन्या त्याला झापते. तो दिवसभर कुठे होता, हे लेखकाने विचारलं नाही. तू विचारलंस. मला तिथेच तुझा अभिमान वाटला.

तुझी दहाही प्रकरणं मी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या काँप्युटरवर वाचली. डबा तसाच राहिला. काय लिहितेस गं! ड्रॅगन डोक्यावरून जातो तेव्हा सगळी माणसं वर बघतात. तुझं खेचर खाली बघतं, कारण त्याच्या खुराखालचं गवत एकदम गरम झालंय आणि जळक्या केसांचा वास सुटलाय. ड्रॅगन दिसायला कसा होता त्याचा तू एक शब्द लिहिला नाहीस, आणि मला तो तेव्हा पहिल्यांदा खरा वाटला. मूळ पुस्तकात त्याच्या खवल्यांचं पानभर वर्णन आहे, ते वाचताना मला झोप लागली होती.

आणि तो अदृश्य होणारा जादूगार! सगळ्यांना चकवतो, पहारेकऱ्यांच्या नाकाखालून जातो, आणि तुझं खेचर बाजूला सरून त्याला वाट देतं. त्याला कुठे ठाऊक की हा दिसत नाहीये? त्याच्या लेखी तो जादूगार म्हणजे आंबट घामाचा वास, आणि तो वास तर जागेवरच होता. मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावर एकाच्या हातून मेणाची कवळी निसटली.

मुख्य म्हणजे ते बोलत नाही. प्लास्टरवालीने मला या साइटवरच्या दुसऱ्या गोष्टी दाखवल्या. त्यात घोडे तत्त्वज्ञान सांगतात आणि मांजरी सासूसारखे टोमणे मारतात. सगळ्यांच्या आत माणूस बसवलेला, वरून फक्त कातडं. तुझं खेचर दहा प्रकरणांत एक शब्द बोलत नाही, मनातसुद्धा नाही, आणि त्याचं मत काय आहे ते मला दर वेळी कळतं. कान मागे, कान पुढे, एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर. बस.

मी आयुष्यभर खोटे दात करत आले आहे, तेव्हा यातलं मला थोडं कळतं. नवीन कारागीर काय करतो, एकसारखे पांढरेशुभ्र दात ओळीने बसवतो. पेशंट हसला की अख्ख्या खोलीला समजतं, कवळी आहे. मी एखादा दात जरासा वळवते. एखाद्या सुळ्याची कड किंचित घासते. मग त्याची बायको म्हणते, अगोबाई, हे तर ह्यांचेच दात! तुझ्या खेचराचे असे दोन-चार दात वळवलेले आहेत. ते कुठून आणलेस ते मला माहीत आहे, पण आत्ता बोलत नाही.

बारा प्रकरणांची गोष्ट आहे असं तू वर लिहिलंयस. राहिलेली दोन लवकर लिही.

तुझे बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, मीच सांगते. या गोष्टीचं मी घरात कुणाला बोलले नाही. घरात आहे तरी कोण, मी आणि तो.

तुझी,
आत्या

ता. क. आशीर्वाद राहिलाच. पुढच्या पत्रात.


२१ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझा मेसेज मिळाला. "आत्या, हा 'जुना खूर' कोण आहे गं? डोकं खातोय माझं."

मला कसं माहीत असणार? मी दात करणारी बाई. असेल कोणी रिकामटेकडा. अशा साइटवर टोपणनाव घेऊन हजार माणसं येतात, असं प्लास्टरवाली म्हणते.

पण तू म्हणालीस म्हणून मी त्याच्या सगळ्या कॉमेंट नीट वाचल्या. आता मला खरं सांग, त्यात चूक काय आहे? तू लिहिलंस की विषारी फळ खाऊन सेनापतीच्या घोड्याने उलटी केली. त्याने लिहिलं, "घोड्याला, गाढवाला, खेचराला उलटी होत नाही. घशाखाली गेलं की परतीची वाट बंद. विष पोटात राहील आणि पोट फुगेल. सुधारावे." आणि तू सुधारलंस! आधी तो घोडा पचकन उलटी करून बरा झाला होता. आता तो सेनापती रात्रभर घोड्याला चालवत राहतो, पोटाला कान लावतो, आणि पहाटे पोटातून गुरगुर ऐकू येते तेव्हा रडतो. अगं, काय झालंय ते प्रकरण! मी दोनदा वाचलं.

आणि ते दुसरं. "खेचराचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. अगदी कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. राजकन्येने समोरून हात नेला तर ते बिचकेल. खांद्याच्या बाजूने यावे. सुधारावे." तेही तू बदललंस. आता तुझी राजकन्या, जी आयुष्यभर सगळ्यांच्या समोर छाती काढून उभी राहिली, ती पहिल्यांदा कुणाच्या तरी बाजूने हळूच येते. मूळ पुस्तकात ती एकदाही इतकी शहाणी वागलेली नाही.

म्हणजे माणूस खडूस आहे, मान्य. "छान" म्हणत नाही, "आवडलं" म्हणत नाही, आला की सुधारावे, सुधारावे. काही माणसांच्या तोंडून "छान" काढायचं तर मला माझा चिमटा घेऊन बसावं लागेल. पण जो माणूस ओळ न् ओळ वाचतो, त्याला गोष्ट आवडत नसेल असं मला वाटत नाही. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण हा काही गाढव दिसत नाही. निदान पूर्ण नाही.

इकडचं सगळं ठीक. तुझ्या बाबांच्या दवाखान्यात परवा एक बाई मांजर पिशवीत घालून घेऊन आल्या. पिशवी उघडली तर मांजर टेबलावरून कपाटावर आणि कपाटावरून दादाच्या टकलावर. टकलावर तीन ओरखडे आहेत. मांजराला काही झालं नव्हतं, नखं उत्तम आहेत असा निष्कर्ष निघाला.

हल्ली दवाखाना बंद केला की तो तिथल्या काँप्युटरपुढे बसतो. औषधांची यादी करतो म्हणतो. औषधांची यादी करताना माणूस एकटाच हसत नाही, पण आपल्याला काय करायचंय.

तू विचारलंस, बाबा माझ्याबद्दल काही बोलतात का. नाही गं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ती त्यातली जात आहे. तुझा फोन येत नाही आणि तो करत नाही. पण तुझ्या खोलीची खिडकी सकाळी उघडतो आणि संध्याकाळी लावतो, पाऊस असो, ऊन असो. का उघडतोस म्हटलं तर म्हणाला, दमट वास येतो.

अकरावं प्रकरण कधी?

तुझी,
आत्या


९ डिसेंबर

भिंगरे,

काढू नकोस. हे पत्र कुरियरने पाठवते आहे, उद्या तुझ्या हातात पडेल. रविवारच्या आत पडायलाच हवं.

तू साइटवर लिहिलंस ते वाचलं. "ही गोष्ट मी रविवारी काढून टाकते आहे. बारावं प्रकरण येणार नाही." आणि का, ते कुणी सांगायला नको. तुझ्या अकराव्या प्रकरणाखाली जुन्या खुराची कॉमेंट आहे, तीही वाचली. "दोन चुका. एक, खेचर उठताना आधी पुढचे पाय रोवतं. मागून उठते ती गाय. दोन, खेचरवाला गार पाण्यात हात घालून ढवळत बसतो आणि मग खेचर पाणी पितं. जनावर तहान लागली की पितं. त्यासाठी कोणी असं बसत नाही. असा माणूस नसतो. हे खोटं वाटतं. सुधारावे."

भिंगरे, मी शपथ मोडते आहे. जुना खूर म्हणजे तुझा बाप.

बस खाली. पाणी पी. मग पुढचं वाच.

पहिल्या पत्रात मी घरात कुणाला बोलले नाही म्हटलं, ती थाप होती. अदृश्य जादूगाराचं आठवून मी जेवताना फिस्सकन हसले. तो म्हणाला, "काय गं कवळे, दात विचकायला काय झालं?" माझ्या पोटात काही राहतं का? सांगितलं सगळं. त्याने हात धुतले आणि चष्मा मागितला. आठवड्याभरात दहाही प्रकरणं वाचून काढली. मग एक दिवस माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "यात खातं कसं उघडतात?" मी उघडून दिलं. नाव त्यानेच सुचवलं. वर मला शपथ घातली, "तिला कळलं तर ती वाचू देणार नाही. तू तोंड उघडलंस तर बघ." ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! पण मी गप्प राहिले, कारण तो इतक्या वर्षांनी तुझ्याशी बोलत होता. सुधारावे, सुधारावे करत का होईना, रोज बोलत होता. आणि तू रोज उत्तर देत होतीस.

आता त्या कॉमेंटचं. मी वाचली तेव्हा हसावं की त्याच्या टाळक्यात प्लास्टरचा साचा घालावा, कळेना. असा माणूस नसतो म्हणे! अगं, तो स्वतः हेच करत होता. तू तर शाळेच्या गणवेशात त्याच्या शेजारी उभी असायचीस.

आपलं खेचर, सरकार, आपल्याकडे आली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं. कोणी तरी ते खेचर दवाखान्याच्या फाटकाला बांधून गेला तो परत आलाच नाही. तिचा पुढचा उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून ती बिचारी गाईसारखी मागून उठायची. आणि साठलेल्या पाण्याला तोंड लावायची नाही. ओढ्याकाठी वाढली असणार, हलतं पाणी तेच पाणी. जीभ कोरडी पडली तरी बादलीकडे बघायची नाही. तेव्हा तुझ्या बाबाने बाही वर केली, बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि ढवळत बसला. ती प्यायली. त्यानंतर रोज सकाळी तो हेच करायचा. थंडीत हात लालभडक व्हायचा, शिव्या द्यायचा, पण ढवळायचा.

तू लहानपणी खेचर म्हणून पाहिलंस ते एवढंच. तुला वाटायचं, सगळी खेचरं मागून उठतात आणि सगळ्यांना पाणी ढवळून द्यावं लागतं. पुढे व्हेटर्नरी कॉलेजात शिकलीस तेव्हा खरं काय ते कळलंच असेल. पण लिहायला बसलीस की तुझा हात आपल्या अंगणात जातो. ही चूक जगात दुसरं कोणी करूच शकत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर हाच तो वळवलेला दात, आणि गोष्टीतली सगळ्यात खरी जागा तीच आहे. तो मेला तिथेच बोट ठेवून खोटं म्हणतो!

का ओळखलं नाही, ते मला अजून विचारायचं आहे. पण मी पेशंटना विचारते ना, तुम्ही कोणत्या बाजूने चावता? निम्म्यांना सांगता येत नाही. साठ वर्षं रोज चावतात आणि ठाऊक नसतं.

आता तुझं दुखणं. ते मला पहिल्याच प्रकरणात कळलं होतं, मूग गिळून बसले इतकंच. तू होस्टेलवर होतीस, दुसऱ्या दिवशी पेपर. सरकार खाली पडली ती उठेना. त्याने स्वतःच्या हाताने इंजेक्शन दिलं, तिला झोपवलं आणि तुला फोन केला. "खेचर गेलं. पेपर नीट लिही." सरकारसुद्धा म्हणाला नाही. तू पेपर लिहिलास, मग कॉलेज सोडलंस, मग घर. मला म्हणालीस, "ज्याला चौदा वर्षांनी दोन शब्द पुरतात, त्याच्याकडून मला जनावरं शिकायची नाहीत." म्हणून तुला कुठल्या तरी पुस्तकातलं ते अर्ध्या वाक्यातलं खेचर सापडलं. आणि म्हणूनच एका परक्या माणसाने "असा माणूस नसतो" म्हटल्यावर तुला ते इतकं लागलं. तो परका नव्हता गं.

माझी एकच मागणी आहे. मी त्याला विचारते, तोपर्यंत थांब. गोष्ट काढलीस तर तुम्ही दोघं पुन्हा मुके व्हाल, आणि या वेळी मी म्हातारी व्हायला लागले आहे.

आत्या


१४ डिसेंबर

भिंगरे,

"थांबते." एवढाच मेसेज, पण मी तो प्लास्टरवालीलाही दाखवला. तिने पेढे असते तर वाटले असते.

आता ऐक काय झालं ते.

काल संध्याकाळी शेवटचा कुत्रा घरी गेला, तेव्हा मी दवाखान्यात शिरले. तुझं अकरावं प्रकरण छापून घेऊन गेले होते. दादा बेसिनमध्ये कात्र्या-चिमटे धूत होता. गरम पाण्याचा नळ नेहमीसारखा बिघडलेला. मी म्हटलं, "दादा, मी वाचते, तू ऐक. मध्ये बोलायचं नाही." म्हणाला, "वाचलंय मी." म्हटलं, "डोळ्यांनी वाचलंस. आता कानांनी ऐक."

आणि वाचलं. तुझंच तुला लिहून पाठवते, कारण मला ते पुन्हा लिहायला आवडतं. "खेचरवाल्याने बाही वर सारली. पाणी इतकं गार होतं की त्याच्या तोंडून शिवी निघाली. खेचराने ती ऐकली, पण ती आपल्यासाठी नाही हे त्याला आवाजावरून कळलं. मग तो हात फिरवत बसला. पलीकडे राजकन्येची माणसं घाई करत होती. पाण्यावरचं आभाळ मोडलं. खेचराने एक कान इकडे केला. मग मान खाली घातली."

मी थांबले. म्हटलं, "असा माणूस नसतो, नाही का?"

तो म्हणाला, "चांगलं लिहिलंय, पण..."

"दादा," मी म्हटलं, "तुझा हात कुठे आहे बघ."

तो खाली बघायला लागला. बेसिन काठोकाठ भरलं होतं आणि त्याचा हात आत, कोपरापर्यंत. नळ बंद करायचंही सुचलं नव्हतं. मी जवळ जाऊन बंद केला.

मग म्हणाला, "सरकार मागून उठायची."

"हो."

"मी गाय म्हणालो तिला."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हटलं, "अरे, इतकी प्रकरणं वाचलीस, एकदाही वाटलं नाही की हा खेचरवाला कोण?"

तर काय म्हणाला माहीत आहे? "मी मला दुसरीकडे शोधत होतो. मला वाटलं, तो दुष्ट राजा म्हणजे मी." अगं, तो एवढे दिवस त्या राजाच्या प्रत्येक वाक्यावर जीव मुठीत धरून बसायचा! राजा कुणाचं मुंडकं उडवतो, राजा मुलीला हाकलतो, हा गप्प. म्हणून त्या बिचाऱ्या खेचरवाल्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. चांगल्या माणसात स्वतःला शोधायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही.

मग तो स्टुलावर बसला, हात पुसला, आणि त्याने मला त्या दिवसाचं सांगितलं. आजवर मलाही नव्हतं सांगितलं. म्हणाला, "तिला लिही. माझं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे, तिला लागणार नाही." तेव्हा हे त्याचे शब्द. मी एकही दात वळवलेला नाही.

"सकाळी गेलो तर पडलेली. उठायचा प्रयत्न करत होती, तिच्या पद्धतीने, मागून. मागचे पायच साथ देत नव्हते. आम्ही दोरीने उचलून पाहिलं. तीनदा. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघितलं आणि प्रयत्न सोडला. मी बादली आणली. पाणी ढवळलं. तिने ओठ लावले, दोन घोट घेतले. मग मी तसाच बसून राहिलो, ढवळत, ती पीत नव्हती तरी. पोरीला फोन करावा असं दहादा वाटलं. पेपरचं काय घेऊन बसलीस, पेपर बुडाला असता तरी चाललं असतं. पण ती आली असती तर तिच्यासमोर माझा हात चालला नसता, आणि सरकार तशीच तळमळत राहिली असती. म्हणून आधी केलं, मग फोन केला. फोनवर 'सरकार' म्हणायला गेलो तर आवाज फुटेना. खेचर म्हटलं की आवाज येत होता. म्हणून खेचर म्हणालो."

एवढं बोलून तो चिमटे पुसायला लागला. कोरडेच होते.

ती कॉमेंट त्याने काढून टाकली आहे. काढताना मला विचारलं, "यात 'मी चुकलो' असं बटण नसतं का?" म्हटलं, नसतं, ते तोंडाने बोलावं लागतं.

बारावं प्रकरण लिहायचं की नाही ते तू ठरव. मी आता मध्ये बोलणार नाही. बघ, कानाला खडा.

आत्या


१९ जानेवारी

भिंगरे,

काल संध्याकाळी बारावं प्रकरण आलं. मी खडा काढून ठेवते आहे.

मला भीती होती की तू खेचराला वाचवशील. ड्रॅगन येईल, जादूगार येईल, काही तरी करशील आणि ते टुणकन उठेल. तू तसं केलं नाहीस. मूळ पुस्तकात ते खिंडीत मरतं, आणि तुझ्याही गोष्टीत मरतं. पण तू त्याला तो हरवलेला दिवस दिलास. सगळे पुढे गेले आणि खेचरवाला मागे थांबला. बर्फ वितळवून पाणी केलं, पखालीच्या तुकड्यात ओतलं आणि ढवळत बसला. खेचर पीत नाही तरी ढवळतो आहे. बर्फावरून सैन्य येतंय, त्याला ऐकू येतंय, तरी ढवळतो आहे. खेचराला काय वाटलं ते तू लिहिलं नाहीस. लिहिलंस ते एवढंच, की ज्या बाजूला पाण्याचा आवाज होता, त्या बाजूचा कान शेवटपर्यंत तिकडे वळलेला होता. मी हे लॅबमध्ये वाचलं. माझ्या हातात एका रिटायर शिक्षकांचे खालचे दात होते, ते मी खाली ठेवले.

आणि मग तो एक दिवस उशिरा पोचतो. राजकन्या सगळ्यांसमोर झापते, कुठे होतास, मुकुट कुठे आहे. आणि तो तोंड उघडतो, आणि एवढंच म्हणतो, "खेचर गेलं."

तिथेच गोष्ट संपवलीस. भिंगरे, त्याचे तेच दोन शब्द तू उचलून तिथे ठेवलेस, आणि आता ते वाचणाऱ्याला माहीत आहे की त्यांच्या मागे काय काय होतं. मला कुणी विचारलं की लिहिता येणं म्हणजे काय, तर मी हे पान दाखवीन.

दादाने ते दवाखान्यात वाचलं. मी दाराशी उभी होते, लपून वगैरे नाही, सरळ उभी होते. वाचून झाल्यावर तो एका बोटाने कितीतरी वेळ टाइप करत होता. खोडत होता, पुन्हा टाइप करत होता. मला वाटलं, आता हा आणखी काही तरी सुधारायला लावतो. शेवटी त्याने जे लिहिलं ते तू वाचलंस. "पाणी फार गार असायचं." खाली सुधारावे नव्हतं.

आणि तुझं उत्तर आलं. "माहीत आहे, बाबा. बादली मी धरायचे."

सगळ्या जगासमोर तिथे बाबा म्हणालीस! प्लास्टरवालीने सांगितलं की त्याखाली शंभर जणांनी रडणारी तोंडं टाकली आहेत. तुझा बाप ते उत्तर आल्यागेल्याला वाचून दाखवतो आहे. आज सकाळी पोपट घेऊन आलेल्या एका गृहस्थांना त्याने अख्खं बारावं प्रकरण ऐकवलं. ते बिचारे पोपटाची नखं कापायला आले होते.

पण स्वभावाला औषध नाही. मघाशी मला म्हणाला, "धरायची ती बादली, पण वाकडी धरायची. माझे बूट रोज भिजायचे. तिला लिहितो तसं, सुधारायला हवं." मी म्हटलं, "दादा, हे तिथे लिहायचं नाही. हे तोंडाने बोलायचं." त्याने फोनकडे बघितलं. मग म्हणाला, "उचलेल का?"

मी म्हटलं, उचलेल.

रविवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी फोन वाजेल. पहिल्यांदा तो बूट भिजायचे त्याबद्दलच बोलेल, कारण दुसरं काही त्याला जमणार नाही. तू रागावू नकोस, हळूच बाजूने ये. तो फोन उचल.

आता आशीर्वाद.

तुझी,
आत्या